दोन फासे, एक प्रश्न, चार उत्तरं: संयोग आणि छेदाची संभाव्यता कशी समजावायची?

फळा_खडू (परभणी)

नमस्कार मंडळी. अकरावी सायन्सच्या बॅचला संभाव्यता चालू आहे. हे उदाहरण दिलं होतं:

दोन फासे एकदाच टाकले. घटना ए: वरच्या अंकांची बेरीज ८ येणे. घटना बी: किमान एका फाशावर ५ येणे. पी(ए ∩ बी) आणि पी(ए ∪ बी) काढा. (पी म्हणजे संभाव्यता; ∩ म्हणजे छेद, दोन्ही घटना घडणे; ∪ म्हणजे संयोग, दोन्हींपैकी किमान एक घडणे.)

संयोगाची चार उत्तरं आली: १६/३६, १५/३६, ८/२१ आणि १४/३६. शेवटचं बरोबर, एवढं सांगून भागत नाही. बाकीची तीन नेमकी कुठं चुकली ते फळ्यावर दिसलं पाहिजे. छेदाचंही तेच. निम्मी लेकरं डोळे झाकून ५/३६ × ११/३६ करायलेत. पी(ए) + पी(बी) − पी(ए ∩ बी) हे सूत्र झोपेतून उठवलं तरी म्हणतील, नववीला संच झालेत, वेन आकृतीही काढतात. तरी फासे आले की अडतात. तुम्ही कसं घेता हे?

गोदाकाठ (गंगाखेड)

सर, सूत्र आधी फळ्यावरून पुसा आणि ३६ घरांचा तक्ता काढा. आडव्या ओळी पहिल्या फाशाच्या, उभे स्तंभ दुसऱ्याचे. फक्त ए मध्ये असलेल्या घरात ट, फक्त बी मध्ये असलेल्या घरात ग आणि दोन्हींत असलेल्या घरात द लिहायचं.

. . १ २ ३ ४ ५ ६
१ | · · · · ग ·
२ | · · · · ग ट
३ | · · · · द ·
४ | · · · ट ग ·
५ | ग ग द ग ग ग
६ | · ट · · ग ·

ए ची पाच घरं एका तिरप्या रेषेत येतात: (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२). बी म्हणजे पाचवी ओळ आणि पाचवा स्तंभ मिळून होणारी फुली, ११ घरं. द ची घरं दोन: (३,५) आणि (५,३). म्हणून छेद २/३६. काहीही लिहिलेली घरं मोजली तर ट ३, ग ९, द २, एकूण १४. संयोग १४/३६ म्हणजे ७/१८. इथपर्यंत सूत्र लागलंच नाही.

आता चुका बघू. १६ वाल्यांनी ५ + ११ केलं, द ची दोन घरं दोनदा मोजली गेली. ही चूक सगळ्यांना माहीत असते, दोन मिनिटांत सुटते.

१५ वाली चूक खरी बघण्यासारखी आहे, कारण त्या पोरांनी छेद वजा केलेला असतो! त्यांनी ‘पहिल्यावर ५ आला तर ६, दुसऱ्यावर ५ आला तर ६’ असं करून बी मध्ये १२ धरले. मग १२ + ५ − २ = १५. बी दिसते एक घटना, पण ती स्वतःच दोन घटनांचा संयोग आहे: ‘पहिल्यावर ५’ आणि ‘दुसऱ्यावर ५’. त्या दोघींच्या छेदात (५,५) बसलंय आणि ते दोनदा मोजलं गेलं. वजाबाकी एकदा बाहेर केली, आत करायची राहिली. ‘किमान एक’ दिसलं की उलटीकडून मोजायची सवय लावा. एकही ५ नाही अशी घरं ५ × ५ = २५, म्हणून बी = ३६ − २५ = ११. यात दोनदा मोजायला जागाच राहत नाही.

८/२१ वाल्यांनी (३,५) आणि (५,३) एकच धरलं. अशा जोड्या २१ होतात हे खरं. ए मध्ये ३, बी मध्ये ६, छेदात १, म्हणून ३ + ६ − १ = ८. सूत्र अगदी बरोबर वापरलं, नमुना अवकाशच (सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी) बिघडलेला. या २१ निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. ‘३ आणि ५’ या जोडीला तक्त्यात दोन घरं आहेत, ‘४ आणि ४’ ला एकच. एन(ए)/एन(एस), म्हणजे ए च्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती, हा भागाकार निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालतो. गंमत अशी की ८/२१ म्हणजे साधारण ०.३८१ आणि ७/१८ म्हणजे ०.३८९, म्हणून दशांशात बघितलं तर चुकीचा वाससुद्धा येत नाही. ती उघडी पाडायची असेल तर बेरीज २ आणि बेरीज ३ यांची संभाव्यता विचारा. २१ च्या हिशोबात दोन्ही १/२१ येतात. तक्त्यात मात्र १/३६ आणि २/३६. एक फासा लाल, एक पांढरा धरायला सांगितलं की बहुतेकांना पटतं.

एक झटपट तपासणीही शिकवा. संयोग दोन्हींतल्या मोठ्या संभाव्यतेपेक्षा लहान असू शकत नाही, आणि बेरजेपेक्षा किंवा १ पेक्षा मोठा असू शकत नाही. इथं तो ११/३६ आणि १६/३६ च्या मध्येच हवा. कुणी बी ला १२ धरून आणि छेदही वजा न करता १७/३६ लिहिलं असेल तर ते इथंच बाद. पण १५/३६ या चाळणीतून सुटतं, म्हणून तिच्यावर पूर्ण विसंबू नका.

बालाघाट (अंबाजोगाई)

संयोगाबद्दल वर सगळं आलंय. गुणाकाराबद्दल मी सांगतो, कारण सीईटीत मार्क तिथं जास्त जातात.

पी(ए) × पी(बी) हे छेदाचं सूत्र नव्हे. ती स्वतंत्र घटनांची (एक घडल्यानं दुसरीची संभाव्यता बदलत नाही अशा घटनांची) कसोटी आहे. छेदाचं कायम चालणारं सूत्र असं: पी(ए ∩ बी) = पी(ए) × पी(बी, ए घडली हे धरून). सरांच्या उदाहरणात ए ची पाच घरं, त्यातली बी मध्ये दोन. म्हणून ५/३६ × २/५ = २/३६. नुसता गुणाकार केला तर ५५/१२९६, म्हणजे ०.०४२ च्या आसपास. खरं उत्तर ०.०५६ च्या आसपास.

मी वर्गात फासे नंतर काढतो, आधी आपले मराठवाड्यातले आठ जिल्हे. आठ चिठ्ठ्यांवर संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. एक चिठ्ठी काढायची.

जी: गोदावरी जिल्ह्यातून किंवा त्याच्या हद्दीवरून वाहते. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, नांदेड. ५/८.
एन: जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली. ४/८.

छेदात परभणी आणि नांदेड, २/८. संयोग ५ + ४ − २ = ७, म्हणजे ७/८. बाहेर कोण राहिलं विचारलं की सगळं वर्ग ‘धाराशिव’ म्हणतं, आणि तिथंच पूरक घटना (दिलेली घटना न घडणे) शिकवून होते. आता गुणाकार: ५/८ × ४/८ = ५/१६. खरा छेद ४/१६. जुळत नाही, म्हणून जी आणि एन स्वतंत्र नाहीत.

पुढचा प्रश्न हुशार पोरांसाठी ठेवा: या आठ चिठ्ठ्यांत जी शी स्वतंत्र अशी कुठलीही घटना बनवता येईल का? क जिल्ह्यांची घटना घेतली तर छेदात ५क/८ जिल्हे हवेत. ही पूर्ण संख्या व्हायची तर क शून्य किंवा आठच. म्हणजे अशक्य आणि निश्चित घटना सोडल्या तर एकही नाही. कितीही डोकं लावा, ५ आणि ८ ला १ सोडून सामाईक विभाजक नाही म्हणून.

एन ला मात्र जोडीदार सापडतो. टी: १९८० च्या दशकात नव्याने झालेला जिल्हा. जालना (१९८१) आणि लातूर (१९८२), म्हणजे २/८. हिंगोली १९९९ चा, तो येत नाही. छेदात एकटं लातूर, १/८. गुणाकार ४/८ × २/८ = १/८. जुळलं, म्हणून स्वतंत्र. आता जिल्हा कधी झाला आणि तो कुठल्या विद्यापीठात आहे यांचा ‘संबंध नाही’ म्हणून हे जुळलं असं पोरं सांगतील. तसं नाही. हिंगोलीला टी मध्ये घेतलं की छेद २/८ होतो, गुणाकार ३/१६, आणि स्वातंत्र्य संपतं. स्वतंत्र आहे की नाही हे अंदाजानं ठरवायचं नाही, आकडे लावून बघायचं.

फाशांतही हेच दिसतं. ‘बेरीज ७’ आणि ‘पहिल्यावर ५’: १/६ × १/६ = १/३६, छेदात फक्त (५,२). स्वतंत्र. ‘बेरीज ८’ आणि ‘पहिल्यावर ५’: गुणाकार ५/२१६, खरा छेद १/३६ म्हणजे ६/२१६. स्वतंत्र नाहीत. ७ मध्ये असं काय विशेष? पहिल्या फाशावर काहीही येवो, ७ करणारा दुसरा अंक प्रत्येक वेळी एक असतोच. ८ ला पहिल्यावर १ आला की खेळ संपला.

परस्पर अपवर्जी (एकाच वेळी घडू न शकणाऱ्या) आणि स्वतंत्र यांची गल्लत तर दरवर्षीची. एन आणि ‘संभाजीनगरच्या विद्यापीठाचा जिल्हा’ या दोन घटना एकाच वेळी घडू शकत नाहीत. छेद शून्य, गुणाकार १/४. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर अपवर्जी घटना कधीच स्वतंत्र नसतात. एक घडली हे कळताक्षणी दुसरी घडली नाही हे पक्कं होतं, याहून जास्त अवलंबून काय असणार?

तेरणा (कळंब)

तक्ता, चिठ्ठ्या चांगलंच आहे, पण शाब्दिक उदाहरणात घरं नसतात. तिथं मी वेन आकृतीपेक्षा दोन बाय दोनचा कोठा काढायला लावते. उदाहरण बनवलेलंच आहे, आकडे सोयीचे घेतलेत:

गावातल्या २०० शेतकऱ्यांपैकी १३० जण सोयाबीन घेतात, ९० जण तूर घेतात, ४० जण दोन्ही घेतात. एक शेतकरी यादृच्छिक निवडला.

. . तूर आहे | तूर नाही | एकूण
सोयाबीन आहे | ४० | ९० | १३०
सोयाबीन नाही | ५० | २० | ७०
एकूण | ९० | ११० | २००

पहिल्यांदा ४० भरायचे, मग कडेच्या बेरजा, मग वजाबाकी. एकदा कोठा भरला की कुठलाही प्रश्न विचारा. सोयाबीन किंवा तूर: ४० + ९० + ५० = १८०, म्हणून १८०/२००. दोन्हींपैकी नेमकं एकच: १४०/२००. एकही नाही: २०/२००. फक्त तूर: ५०/२००.

चूक कुठं होते? ‘१३० सोयाबीन घेतात’ याचा अर्थ पोरं ‘फक्त सोयाबीन’ असा घेतात, तुरीचंही तसंच, आणि ९० च्या जागी १३०, ५० च्या जागी ९० लिहितात. मग १३० + ९० + ४० = २६० शेतकरी होतात आणि मग म्हणतात गणितच चुकीचं छापलंय. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक आपल्याकडं सगळ्यांनी बघितलेलं असतं. तो शेतकरी १३० मध्येही आहे आणि ९० मध्येही, हे त्यावरून लगेच कळतं. आणि ‘किंवा’ म्हणजे गणितात दोन्ही घेणारेही आत. ‘नेमकं एक’ असं लिहिलेलं नसेल तर त्यांना वगळायचं नाही.

मी एकदा कोठ्यातले ४० पुसते आणि विचारते, आता छेद सांगा. १३०/२०० × ९०/२०० करणारे लगेच हात वर करतात. खरं तर उत्तर एक नसतंच. १३० + ९० = २२०, माणसं २००, म्हणून किमान २० जण दोन्ही घेतातच. आणि जास्तीत जास्त ९०, सगळे तूरवाले सोयाबीनही घेत असतील तर. छेद ०.१० ते ०.४५ मध्ये कुठंही असू शकतो. माहिती दिलेली नसेल तर ‘काढता येत नाही’ हेसुद्धा उत्तर असतं, ते लिहायला लेकरं घाबरतात.

फळा_खडू (परभणी)

बालाघाट सर, जिल्ह्यांचं उद्याच घेतो. तेरणा मॅडम, कोठ्याचंही पटलं. आणखी दोन गोष्टी विचारून घेतो. एक, तीन घटना असल्या की पोरं प्रत्येक छेद वजा करतात आणि थांबतात. दुसरं, पत्त्यांत ‘एका वेळी दोन पत्ते काढले’ असलं की छेद कसा धरायचा?

बिंदुसरा (बीड)

तीन घटनांसाठी १ ते १०० अंकांच्या चिठ्ठ्या घ्या. २, ३ किंवा ५ ने भाग जाणारी चिठ्ठी येण्याची संभाव्यता काढा.

एकेकटे: ५०, ३३, २०. बेरीज १०३.
जोडीचे: ६ ने भाग जाणारे १६, १० ने १०, १५ ने ६. बेरीज ३२.
तिन्हींचे: ३० ने भाग जाणारे ३.

१०३ − ३२ + ३ = ७४, म्हणून ७४/१००. शेवटचे ३ मिळवायचे का? ३० हा अंक घेऊन बघा. २, ३, ५ च्या याद्यांत तो तीनदा मोजला. ६, १०, १५ च्या याद्यांत तीनदाच वजा झाला. म्हणजे हिशोबात शून्य वेळा राहिला! तो संयोगात तर आहे, म्हणून एकदा परत मिळवायचा. सूत्र पाठ करण्यापेक्षा ३०, ६० आणि ९० हे तीन अंक फळ्यावर लिहून त्यांच्यासमोर +, − च्या खुणा करायला लावा, पुन्हा चुकत नाहीत.

इथं आणखी एक सापळा: काही जण १/२ + १/३ + १/५ असं करतात. १०० ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३३/१०० आणि १/३ वेगळे. अपूर्णांकांनी केलं तर २२/३० म्हणजे ०.७३३ येतं, खरं ०.७४. चिठ्ठ्या १ ते ६० असत्या तर दोन्ही सारखे आले असते: ३० + २० + १२ − १० − ६ − ४ + २ = ४४, आणि ४४/६० = २२/३०.

‘एकही नाही’ विचारलं की डी मॉर्गनचा नियम: ए किंवा बी यांचा पूरक म्हणजे ए नाही आणि बी नाही. १०० मध्ये २६ चिठ्ठ्या. पूरक घेताना ‘किंवा’चं ‘आणि’ होतं हे लिहायला पोरं विसरतात आणि पूरकांचा संयोग काढून बसतात. (डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मले, हे सांगितलं की वर्ग जरा जागा होतो.)

पत्ते. एकच पत्ता असेल तर सोपं. बदाम किंवा राजा: १३ + ४ − १ = १६, म्हणजे ४/१३. लाल किंवा चित्रपत्ता (राजा, राणी, गुलाम): २६ + १२ − ६ = ३२, म्हणजे ८/१३. एक्का चित्रपत्त्यात धरायचा नाही, तो धरून १६ करणारे दरवेळी निघतात.

दोन पत्ते परत न ठेवता काढले तर ‘पहिला बदाम’ आणि ‘दुसरा बदाम’ या घटना स्वतंत्र नाहीत. पहिला बदाम गेला की उरलेल्या ५१ मध्ये १२. छेद १३/५२ × १२/५१ = १/१७. १/१६ लिहिणाऱ्यांनी पत्ता मनातल्या मनात परत ठेवलेला असतो. एका वेळी दोन काढले तरी हिशोब हाच, एक डाव्या हातात आणि एक उजव्या हातात समजायचा. ‘दुसरा बदाम’ची संभाव्यता मात्र १/४ च आहे, १२/५१ नाही. पहिला काय आला हे माहीत नसेल तर दुसऱ्या जागी ५२ पैकी कुठलाही पत्ता सारख्याच शक्यतेनं येतो. हे न पटणाऱ्यांना १३/५२ × १२/५१ + ३९/५२ × १३/५१ करायला सांगा, १/४ येतं.

मग किमान एक बदाम: १/४ + १/४ − १/१७ = १५/३४. उलटीकडून: १ − ३९/५२ × ३८/५१ = १ − ११४/२०४ = ९०/२०४ = १५/३४. दोन्ही रस्त्यांनी काढायला लावा. जुळलं नाही तर बहुतेक वेळा ५१ च्या जागी ५२ लिहिलेलं सापडतं.

गोदाकाठ (गंगाखेड)

सर, उद्या सरावाला द्यायचं असेल तर एक जोडी देतो, पण दोन्ही उदाहरणं एकत्रच द्या.

पहिलं: दोन फासे. ए: बेरजेला ३ ने भाग जातो. बी: दोन्ही अंक सारखे. ए ची घरं १२, बी ची ६, छेदात (३,३) आणि (६,६). संयोग १६/३६ = ४/९.

दुसरं: तेच, फक्त ३ च्या जागी ४. ए ची घरं ९ (बेरीज ४ ची तीन, ८ ची पाच, १२ चं एक). छेदात (२,२), (४,४), (६,६). संयोग ९ + ६ − ३ = १२, म्हणजे १/३.

पहिल्यात १/३ × १/६ = १/१८ आणि छेदही २/३६, म्हणून डोळे झाकून गुणाकार करणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं. ते एकटं दिलं तर कुणाला समजलं आणि कुणाला नाही हे तुम्हाला कळणारच नाही. दुसऱ्यात गुणाकार १/२४ देतो आणि छेद १/१२ आहे.

फळा_खडू (परभणी)

म्हणजे दुसरं आधी देतो आणि पहिलं नंतर. जे पहिल्यातही घरं मोजतील ते सुटले.